जीपच्या गिअरबॉक्स व ट्रान्सफर केसमधील तेलगळती

जीपच्या गिअरबॉक्स व ट्रान्सफर केसमधील तेलगळती हा चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या वाहनांत आढळणारा एक यांत्रिक दोष आहे. मूळ गिअरबॉक्स काढून दुसऱ्या बनावटीचा बसवलेल्या जुन्या महिंद्रा जीपगाड्यांत तो विशेष आढळतो. यात तेल दोन प्रकारे जाते. ते जोडातून बाहेर ठिबकते किंवा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत उतरते. दुसरा प्रकार अधिक घातक असतो, कारण त्यात जमिनीवर थेंबही न पडता गिअरबॉक्स कोरडा पडत जातो. जुन्या जीपमध्ये हातब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्याच मागे बसवलेला असतो. त्यामुळे रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या घाटपायथ्याच्या तालुक्यांत हा दोष गाडी उतारावर उभी राहील की नाही या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे.

रचना

गिअरबॉक्समधून बाहेर पडणारी शक्ती पुढच्या व मागच्या आसांकडे वाटून देणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीस ट्रान्सफर केस म्हणतात. विलीज घराण्यातील जीपमध्ये ‘स्पायसर १८’ या नावाने ओळखली जाणारी बिडाची पेटी वापरली गेली. ती गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडावर बोल्टांनी थेट आवळलेली असते. गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट या तोंडातून ट्रान्सफर केसच्या आत शिरतो. त्याच्या टोकावरील खाचांवर एक दातेरी चाक बसते आणि ते नट व कॉटर पिनने पक्के केलेले असते. हे चाक मधल्या स्थिर शाफ्टवरील चाकास फिरवते आणि त्यावरून शक्ती खालच्या, एका बाजूला सरकलेल्या शाफ्टकडे जाते. त्या शाफ्टच्या दोन टोकांना पुढचा व मागचा प्रोपेलर शाफ्ट जोडतात. चढणीसाठी असलेल्या ‘लो’ गिअरमध्ये चाकांवरील जोर सुमारे अडीचपट होतो.

अशा रचनेत दोन पेट्यांमध्ये एक पातळ पॅकिंग, एक बेअरिंग आणि त्याच्यालगतचे सील किंवा तेल परत फेकणारी चकती एवढाच आडपडदा असतो. शिवाय टी-९० गिअरबॉक्समध्ये मुख्य शाफ्टखालचा काउंटरशाफ्ट आणि रिव्हर्स गिअरचा छोटा शाफ्ट यांची टोके मागच्या तोंडावर उघडी येतात व एका पट्टीने अडवलेली असतात. त्यामुळे तेलाला पलीकडे जाण्याच्या तीन वाटा तयारच असतात. काही जुन्या रचनांत तर दोन्ही पेट्यांतील तेल एकमेकांत फिरावे म्हणून कारखान्यातूनच छिद्रे ठेवलेली असत. अशा गाडीत तेल इकडून तिकडे जाणे हा दोष ठरत नाही. मात्र दोन्ही पेट्यांची पातळी एकाच वेळी तपासणे आणि दोन्हींत एकच तेल वापरणे आवश्यक असते. प्रत्येक पेटीत साधारण दीड लिटर तेल बसते. त्यातले ३०० मिलिलिटर पलीकडे गेले की गिअरबॉक्सचा पाचवा हिस्सा रिता झालेला असतो.

सर्वच गाड्यांत हा जोड नसतो. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी टांगलेली असून दोहोंमध्ये एक आखूड प्रोपेलर शाफ्ट असतो. तिच्यात गळती झाली तरी एका पेटीचे तेल दुसरीत जाण्याचा संभव नाही.

गिअरबॉक्सची अदलाबदल

दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी या गाडीत टी-८४ हा गिअरबॉक्स होता. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये अधिक मजबूत टी-९० आला. दोन्ही तीन गिअरचे होते आणि दोन्हींमागे स्पायसर १८ होती. महिंद्रने १९४९ पासून मुंबईत जीपची जोडणी सुरू केली. पुढे सीजे-३बी हे प्रारूप भारतीय रस्त्यांवर अनेक दशके टिकले. डिझेल इंजिने आली तशी गिअरबॉक्सची बनावट बदलत गेली. प्यूजो घराण्यातील एक्सडीपी ४.९० इंजिनाच्या काळात चार गिअरचा केएमटी-९० आला. नंतरच्या महिंद्रा गाड्यांत बीए-१० आणि एनजीटी मालिकेतील पाच गिअरचे गिअरबॉक्स वापरले गेले. २०१० मध्ये आलेल्या थारमध्ये ट्रान्सफर केसही वेगळी, बोर्ग वॉर्नर बनावटीची होती.

जुन्या टी-९० मध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसते, त्यामुळे चढणीवर चालू गाडीत पहिला गिअर टाकणे कौशल्याचे काम ठरते. डिझेल इंजिन बसवल्यावर तीन गिअर अपुरेही वाटतात. म्हणून मालक नव्या गाडीचा चार किंवा पाच गिअरचा गिअरबॉक्स मिळवतात आणि जुनी ट्रान्सफर केस तशीच ठेवून दोहोंमध्ये जोडपट्टी घालतात. ही पट्टी कधी तयार मिळते, कधी स्थानिक लेथवर पोलादातून किंवा अॅल्युमिनियममधून कापून घेतली जाते. या अदलाबदलीत दाते, लांबी आणि बोल्टांची छिद्रे जुळवण्याकडे सारे लक्ष जाते व सीलचा विचार शेवटी होतो. बहुतेक गळत्यांचे मूळ येथे सापडते.

कारणे

स्पायसर १८ च्या पुढच्या तोंडाचा व्यास सर्वत्र सारखा नाही. अमेरिकी बनावटीत सुमारे ८० मिमी आणि १०१.६ मिमी अशी दोन मापे आढळतात. लहान तोंडाची पेटी मोठ्या बेअरिंगच्या गिअरबॉक्समागे बसवण्यासाठी तोंड कापून मोठे केले जाते. ही कटाई शाफ्टच्या मध्याशी तंतोतंत जुळली नाही तर सील एका बाजूला दाबले जाते व दुसऱ्या बाजूला सैल राहते. अशा जोडात नवे सील घातले की काही दिवस गळती थांबते आणि पुन्हा सुरू होते. मालकाला वाटते की सील निकृष्ट होते.

सीलची कड ज्या बाजूचे तेल अडवायचे त्या बाजूला तोंड करून बसवावी लागते. कडेमागील बारीक स्प्रिंग तेलाच्या बाजूला येते. एकच सील एका बाजूचे तेल नीट अडवते, दोन्ही बाजूंचे नाही. गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस यांत वेगवेगळे तेल असेल तर पाठीला पाठ लावून दोन सीले घालावी लागतात. काही जोडपट्ट्यांत या दोन सीलांमधील पोकळीतून खाली एक बारीक छिद्र काढलेले असते. त्यातून तेल ठिबकू लागले की सील गेल्याची सूचना मिळते. हेच छिद्र गळती समजून सिलिकॉनने बुजवण्याची चूक गॅरेजांत वारंवार होते. त्यानंतर तेलाला बाहेर वाट उरत नाही आणि ते शेजारच्या पेटीत जाते.

मुख्य शाफ्टवरील खाचा हा दुर्लक्षित मार्ग आहे. सील शाफ्टच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसते, पण दातेरी चाक व शाफ्ट यांच्यामधील खाचांतून तेल सावकाश मागे झिरपते आणि नटाच्या वायसरखालून पलीकडे उतरते. याशिवाय जोडपट्टीचे काही बोल्ट थेट तेलाच्या पोकळीत निघतात. त्यांच्या आट्यांना सीलंट लावले नाही तर तेल बोल्टाच्या डोक्याशी येते आणि पॅकिंग फुटल्याचा भास होतो.

गिअरबॉक्सची लांबी बदलली की ट्रान्सफर केस पुढे किंवा मागे सरकते. प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि त्याच्या यूजे क्रॉसचे कोनही बदलतात. कोन चुकला की शाफ्ट थरथरतो, मागील बेअरिंग ढिले होते आणि सील झिजते. डिझेल इंजिनाचे हादरे व थकलेले रबरी माउंटिंग यांची त्यात भर पडते. बोल्ट सैल होतात, प्रसंगी पेटीचे कान तडकतात. अशा गाडीत सील बदलत राहणे निरर्थक असते.

तापलेल्या पेटीतील हवेला बाहेर पडण्यासाठी ब्रीदर नावाची लहान नळी असते. तापमान २५° से. वरून ८०° से. वर गेले तर बंद पेटीतील निरपेक्ष दाब सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर हा दाब तेलाला सीलबाहेर ढकलतो. उलट तापलेली पेटी एकाएकी पाण्यात थंड झाली, तर आतील दाब उतरून त्याच सीलांतून पाणी आत ओढले जाते. अदलाबदल करताना जुना ब्रीदर जोडपट्टीखाली झाकला जाणे किंवा नव्या गिअरबॉक्सचा ब्रीदर बसवायचा राहून जाणे असेही घडते.

कर्जत व खालापूर परिसर

कर्जत तालुका उल्हास नदीच्या आणि खालापूर तालुका पाताळगंगेच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी आहे. खालापुरातील खोपोली हे बोरघाटाच्या तोंडाशी वसलेले शहर असून जुना मुंबई–पुणे रस्ता तेथूनच घाट चढू लागतो. या भागात प्रवासी वाहतुकीसाठी धावणाऱ्या जीपगाड्या बहुतांशी दोन चाकांनी चालणाऱ्या असल्याने त्यांत ट्रान्सफर केस नसते. हा दोष मुख्यतः शेतघरांच्या मालकांकडील, लिलावात घेतलेल्या आणि हौसेने राखलेल्या जुन्या गाड्यांत दिसतो. कोंदिवडे, जांबरुंग, पेठ या बाजूंच्या कच्च्या वाटांवर अशा गाड्यांना अद्याप खरे काम असते.

येथील भूगोल गळतीवर परिणाम करतो. दहास एक या चढणीवर ३०० मिमी लांबीच्या पेटीत पुढच्या व मागच्या टोकांशी तेलाच्या पातळीत ३० मिमीचा फरक पडतो. गाडी नाक वर करून चढत असताना तेल गिअरबॉक्सच्या मागच्या भिंतीशी, म्हणजे नेमके दोषयुक्त जोडाशी, साचते आणि पुढची चाके व बेअरिंग कमी तेलात फिरतात. सपाट रस्त्यावर कोरडा दिसणारा जोड घाटात गळतो तो यामुळे. घाटाखाली आल्यावर पेटी तापलेली असते आणि लगेच ओढा लागतो.

पावसाळ्याखेरीजही या तालुक्यांतील काही नद्या वाहत्या असतात. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी वीजनिर्मितीनंतर पाताळगंगेच्या व उल्हासच्या खोऱ्यात सोडले जाते. त्यामुळे पेज नदीसारख्या प्रवाहांना मे महिन्यातही पाणी असते आणि गाडी पाण्यात घालण्याचा प्रसंग वर्षभर येतो. पाणी शिरलेले तेल दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसते. ते तापवून किंवा निवळून पुन्हा वापरण्याजोगे राहत नाही.

हातब्रेकवरील परिणाम

स्पायसर १८ असलेल्या जीपमध्ये हातब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागील शाफ्टवर असतो आणि तो प्रोपेलर शाफ्टमार्फत मागची चाके रोखतो. गिअरबॉक्समधून आलेल्या तेलाने ट्रान्सफर केसची पातळी वाढली की ते सर्वात खालच्या, म्हणजे या मागील सीलमधून बाहेर येते आणि ब्रेकच्या अस्तराला भिजवते. पायब्रेक चाकांवर स्वतंत्र असल्याने चालवताना काहीच जाणवत नाही. दोष उघड होतो तो गाडी उतारावर उभी केल्यावर. अशा वेळी गाडी गिअरमध्ये टाकून ठेवणे उपयोगी पडते, पण ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलमध्ये राहिला असेल तर त्या गिअरचा चाकांशी संबंधच उरत नाही. तेल प्यायलेले अस्तर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याची पद्धत धोक्याची आहे. ते वरून कोरडे दिसले तरी गरम झाल्यावर आतील तेल पुन्हा पृष्ठभागावर येते. अस्तर नवेच घालावे लागते, आणि तेही गळतीचे मूळ दूर केल्यानंतर.

निदान

ठिबकणारी जागा आणि गळणारी जागा सहसा एक नसते. चालत्या गाडीखालील वारा तेल मागे नेतो. इंजिनाच्या मागील सीलमधून निघालेले तेलही ट्रान्सफर केसवर येऊन बसते. डिझेल इंजिनाचे तेल काळे असते, तर गिअर तेलाला गंधकाचा उग्र वास येतो. या दोन खुणांनी प्राथमिक भेद करता येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवलेल्या गाडीत दोन्ही पेट्यांत तांबडे एटीएफ असू शकते, तेथे रंगावरून काही कळत नाही.

खात्रीची पद्धत सोपी, पण वेळखाऊ आहे. गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही पेट्यांचे पातळीचे बूच उघडतात आणि तेल बुचाच्या काठाशी आणतात. बाहेरचा भाग डिझेल व ब्रशने धुऊन कोरडा करतात आणि त्यावर खडूची किंवा टाल्कम पावडर मारतात. घाटाचा समावेश असलेला काही किलोमीटरचा प्रवास करून, गाडी थोडा वेळ निवू देऊन, दोन्ही बुचे पुन्हा उघडतात. गिअरबॉक्सची पातळी उतरली आणि ट्रान्सफर केसच्या बुचातून तेल वाहू लागले, तर पावडर कोरडी असो वा ओली, गळती आतील आहे. दोन्हींची पातळी उतरली तर बाहेरील जागा पावडरवर दिसते. केवळ ट्रान्सफर केसचे जादा तेल काढून टाकून गाडी परत देणे हा या दोषावरील सर्वात प्रचलित आणि सर्वात महाग ठरणारा उपाय आहे, कारण काढलेले तेल गिअरबॉक्सचे असते. सिंक्रोमेशच्या पितळी कड्या आणि पुढचे बेअरिंग खराब झाल्यावरच ते लक्षात येते.

दुरुस्ती

मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडताच हातब्रेक निकामी होतो, म्हणून त्याआधी चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावतात. तेल काढून दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, हातब्रेकची जोडणी, स्पीडोमीटरची केबल व दांडे सोडवतात आणि गिअरबॉक्सला खालून आधार देतात. ट्रान्सफर केसच्या मागील झाकण काढले की मुख्य शाफ्टवरील नट दिसतो. कॉटर पिन व नट काढून दातेरी चाक ओढून काढतात, मग जोडाचे बोल्ट सोडतात. टी-९० मध्ये या टप्प्यावर मुख्य शाफ्ट मागे सरकून आतील भाग निखळण्याचा धोका असतो. गिअरबॉक्सचे वरचे झाकण काढून दुसऱ्या गिअरच्या मागे शाफ्टला तार गुंडाळायची आणि ती पिळून बोल्टांना अडकवायची, ही युक्ती जुन्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेली आहे. ती वगळल्यास तेलगळतीचे काम पूर्ण गिअरबॉक्स खोलण्यावर जाते.

पेट्या वेगळ्या झाल्यावर दोन्ही तोंडे सरळ पट्टी व फीलर गेजने तपासतात. जोडपट्टी असेल तर तिच्या मधल्या छिद्राचा मध्य शाफ्टशी जुळतो का, हे डायल गेज शाफ्टला बांधून एक फेरा फिरवून पाहतात. येथे फरक आढळला तर पट्टी पुन्हा लेथवर नेणे किंवा नवी करणे याला पर्याय नाही. जोडपट्टी नेमकी बसावी यासाठी डोवेल पिना देणे उत्तम, कारण बोल्ट पेट्यांना आवळतात, मध्य जुळवत नाहीत.

शाफ्टवर जुन्या सीलने पाडलेली खाच नखाला लागत असेल तर नवे सील त्याच जागी टिकत नाही. त्यावर पातळ पोलादी स्लीव्ह चढवतात किंवा जागा असल्यास सील थोडे पुढेमागे बसवून कड अस्पर्शित पृष्ठभागावर आणतात. काउंटरशाफ्ट व रिव्हर्स शाफ्टची टोके स्वच्छ करून त्यांभोवती सीलंट लावतात. मुख्य शाफ्टच्या खाचांवर व नटाच्या वायसरखालीही त्याचा पातळ थर देतात. ट्रान्सफर केसच्या मधल्या शाफ्टची रबरी कडी याच वेळी बदलावी, कारण तिच्यासाठी पुन्हा एवढे खोलणे परवडत नाही.

पॅकिंग मूळ जाडीचेच असावे. जेथे बेअरिंगची बाहेरची कडी दोन पेट्यांमध्ये दाबून धरलेली असते, तेथे जाड पॅकिंगमुळे बेअरिंग हलू लागते. गॅरेजांत पॅकिंगऐवजी सिलिकॉनचा जाड थर देण्याचा प्रघात आहे. आवळल्यावर आतल्या बाजूला निघालेले त्याचे तुकडे सुटून तेलाच्या वाटा बुजवतात. यंत्रावर घासलेली सपाट तोंडे एकमेकांना भिडत असतील तर हवेविना घट्ट होणारे सीलंट चांगले काम करते. खडबडीत किंवा वाकड्या तोंडातील फट मात्र त्याने भरत नाही. बोल्ट तिरपे समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळतात. नटाला नवी कॉटर पिन घालतात.

तेल भरताना दोन्ही पेट्यांसाठी उत्पादकाने सांगितलेला दर्जा पाहावा लागतो. जुन्या जीपमध्ये एसएई ९० तेल वापरतात. डिफरन्शियलसाठीचे जीएल-५ दर्जाचे तेल हाताशी असते म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतणे टाळावे. त्यातील काही मिश्रणे पितळी कड्यांना बाधक ठरतात. ब्रीदर साफ करून त्याला रबरी नळी जोडतात आणि तिचे तोंड बॉनेटखाली उंचावर नेतात. पहिल्या काही प्रवासांनंतर दोन्ही बुचे पुन्हा उघडून पाहिल्याशिवाय आतील गळती थांबल्याचे सिद्ध होत नाही.

कायदेशीर बाबी व टाकाऊ तेल

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिनाचा प्रकार किंवा इंधन बदलले तर हा प्रश्न उद्भवतो आणि गिअरबॉक्सची अदलाबदल अनेकदा अशा बदलाचाच भाग असते. रायगड जिल्ह्यात नोंदणीची कामे पेण (एमएच ०६) व पनवेल (एमएच ४६) येथील परिवहन कार्यालयांत चालतात.

वापरलेले वंगण तेल २०१६ च्या घातक कचराविषयक नियमांखाली येते. ते अधिकृत पुनर्प्रक्रियादारांकडे जाणे अपेक्षित असते. उल्हासचे पाणी पुढे बदलापूरजवळ पिण्यासाठी उचलले जाते. कर्जतच्या ओढ्यात धुतलेल्या ट्रान्सफर केसचे तेल त्याच पात्रात मिसळते.